शाळा आधी की घर आधी? लंडनला निघालेल्या आईचं पत्र

या वेळी एकच पत्र घेतेय, कारण असंच पत्र थोड्याफार फरकाने दर दोन-तीन महिन्यांनी येतं आणि दर वेळी तुकड्यातुकड्यात उत्तर दिलं जातं. पत्र थोडं कमी करून देतेय.

"नमस्कार ताई, आम्ही कोथरूडला राहतो. मिस्टरांची बदली लंडनला झालीये, ऑफिस कॅनरी वार्फला आहे, जानेवारी २०२६ मध्ये निघायचंय. मुलगी ऑगस्ट २०१६ ची, सेमी-इंग्लिशला चौथीत आहे. मुलगा फेब्रुवारी २०२१ चा, ज्युनियर केजीत. मिस्टरांच्या ऑफिसात प्रत्येक जण वेगळं नाव सांगतो, कोणी हॅरो, कोणी स्लाव, कोणी म्हणतं आउटस्टँडिंग शाळेच्या कॅचमेंटमध्येच घर घ्या नाहीतर मुलांचं नुकसान होईल. एकाने तर आमचा पत्ता द्या फॉर्मवर असं सांगितलं. सासूबाईंचं म्हणणं मुलीला एप्रिलपर्यंत इथेच ठेवा, चौथीची परीक्षा होऊ दे. व्हिसावर पब्लिक फंड्स मिळणार नाहीत असं लिहिलंय, मग सरकारी शाळा तरी मिळणार का? मी बँकेतली नोकरी सोडून येतेय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत घरांच्या साइट बघत बसते आणि काहीच ठरत नाही. मुलगी परवा म्हणाली, आई तिकडे मधल्या सुट्टीत माझ्याशी कोण बोलेल. मला उत्तर देता आलं नाही."

ताई, सगळ्यात आधी व्हिसाची काळजी डोक्यातून काढून टाका. पब्लिक फंड्स म्हणजे सरकारी भत्ते वगैरे, सरकारी शाळा त्यात धरतच नाहीत. डिपेंडंट व्हिसावरच्या मुलांना सरकारी शाळेत फुकट शिकता येतं, आणि लंडनमध्ये सप्टेंबर २०२३ पासून सरकारी प्राथमिक शाळेतल्या सगळ्याच मुलांना दुपारचं जेवणही फुकट आहे, शाकाहारी असतं त्यात. खाजगी शाळेचा विचार मनात असेल तर जानेवारी २०२५ पासून तिथल्या फीवर २० टक्के व्हॅट लागतो एवढं सांगते आणि तो विषय सोडते, तुम्हाला त्याची गरज नाहीये.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही घर बघताय, मग त्या घराची शाळा बघताय, मग त्या शाळेचं रेटिंग, म्हणजे ते आउटस्टँडिंग वगैरे सरकारी तपासणीचे शिक्के, बघताय. हा क्रमच उलटा आहे आणि म्हणून रात्रीचे दोन वाजतायत. वर्षाच्या मध्ये येणाऱ्या कुटुंबाला तिकडे रेटिंग शाळा देत नाही, मोकळी जागा शाळा देते. सप्टेंबरला रिसेप्शन, म्हणजे इयर वनच्या आधीचा वर्ग, सुरू करणाऱ्या मुलांचे फॉर्म आदल्या १५ जानेवारीलाच भरून झालेले असतात, एप्रिलमध्ये जागा वाटून होतात. ती कॅचमेंटची, म्हणजे शाळा ज्या भागातली मुलं घेते त्या भागात राहण्याची, सगळी मारामारी त्या फॉर्मची असते. तुम्ही जानेवारीत येणार म्हणजे तुमचा अर्ज इन-इयर, म्हणजे कोणी घर बदललं, कोणी देश सोडला, त्याची रिकामी झालेली खुर्ची. शाळेच्या अगदी समोर घर घेतलंत आणि वर्ग भरलेला असला तर तुम्ही वेटिंग लिस्टवर. आणि ती लिस्ट आपल्याकडच्यासारखी आधी आलेल्याला आधी अशी नसते, निकषांवर लागते, उद्या कोणी तुमच्यापेक्षा जवळ राहायला आलं तर तुम्ही एक नंबर खाली जाता.

दिलासा देणारी गोष्ट अशी की गेल्या काही वर्षांत लंडनमध्ये जन्म कमी झालेत, भाडी न परवडल्यामुळे बरीच कुटुंबं बाहेर गेलीत, आणि प्राथमिक शाळांमध्ये जागा रिकाम्या राहायला लागल्यात, आतल्या भागातल्या काही शाळा तर बंद कराव्या लागल्या. पंधरा वर्षांपूर्वी आलेले लोक तुम्हाला घाबरवतायत ते त्यांच्या वेळच्या अनुभवावरून, त्यांचं खोटं नाहीये पण दिवस बदललेत.

तर आधी घर नाही, आधी फोन. तुमच्या मनातले दोन-तीन भाग कुठल्या काउन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, येतात ते बघा, त्या काउन्सिलच्या साइटवर स्कूल अॅडमिशन्सचं पान असतं, कुठे जागा आहेत त्याची यादी बरीच काउन्सिलं टाकतात. यादी नसेल तर पुण्याहून दुपारी अडीचला फोन लावा, तिकडे सकाळचे नऊ असतात. विचारायचं एवढंच, इयर फाइव्हमध्ये आणि रिसेप्शनमध्ये जागा कुठल्या शाळांत आहेत. हे डिसेंबरच्या मध्याच्या आत करा, नंतर नाताळची दोन आठवडे सुट्टी लागते आणि शाळेत कोणी फोन उचलत नाही. अर्ज मात्र बहुतेक ठिकाणी मुलं प्रत्यक्ष येऊन राहायला लागल्यावरच घेतात, भाडेकरार दाखवावा लागतो. अर्ज दिल्यावर शाळेच्या १५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. जवळ जागा नसेल तर थोडी लांबची देऊ करतात.

यात आधी मुलाची जागा शोधा, मुलीची नाही. सगळे उलट करतात, कारण मोठीची काळजी जास्त असते. पण रिसेप्शन, इयर वन, इयर टू या तीन वर्गांत एका शिक्षिकेमागे ३० च मुलं असा कायदा आहे, अपवाद फार थोडे, एकतिसावं मूल जवळजवळ घेतच नाहीत. इयर फाइव्हला तसा कायदा नाही, शाळेची इच्छा असली तर जागा होऊ शकते, आणि धाकट्याला जागा मिळाली की बऱ्याच शाळांत भावंड म्हणून मोठी वेटिंग लिस्टमध्ये वर सरकते. शिवाय तुमचा मुलगा फेब्रुवारीत पाच वर्षांचा होईल, शाळा सक्तीची होते ती त्यानंतरच्या टर्मपासून (तिकडे वर्षात तीन टर्म असतात), म्हणजे ईस्टरनंतर, त्यामुळे जानेवारीत लगेच जागा नाहीच मिळाली तर आभाळ कोसळत नाही. चार-सहा आठवडे तो घरी राहिला तर राहू दे.

इयर फाइव्ह का म्हणाले ते सांगते, कारण यावरून तुम्ही दचकाल. तिकडे वर्ग वयावरून ठरतो, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. तुमची मुलगी ऑगस्टची, म्हणजे ती इयर फाइव्हमध्ये जाईल आणि वर्गात जवळजवळ सगळ्यात लहान असेल. चौथीतून पाचवीत उडी मारली असं नाहीये ते, तिकडे मुळात पहिली पाचव्या वर्षी सुरू होते, आकडा पुढे आहे, अभ्यास तेवढा पुढे नाही. गणितात तर ती आरामात असेल, तिकडे पाढे १२ पर्यंत असतात आणि त्याचीही परीक्षा इयर फोरमध्येच होऊन गेलेली असते. तिचे तीसपर्यंत पाठ असले तर पहिल्याच आठवड्यात बाईंच्या लक्षात येईल आणि तिला वर्गात एक जागा मिळेल, ज्या मुलीला अजून भाषा नीट येत नाही तिला हे फार मोठं असतं. वाचन आणि लिहिणं जड जाईल. दोन-तीन महिने ती गप्प बसेल कदाचित, ऐकत असते मूल त्या वेळात, त्याला आजार समजू नका.

आणि म्हणूनच सासूबाईंना प्रेमाने पण ठामपणे नाही म्हणा. चौथीच्या परीक्षेचा तिकडे काही उपयोग नाही, वर्ग वयावर मिळणार. जानेवारीत आली तर प्राथमिक शाळेच्या पाच टर्म मिळतात तिला माध्यमिकला जाण्याआधी, एप्रिलनंतर आली तर चार. ती एक टर्म आजीकडे घालवण्याची नाहीये. शाळा सोडल्याचा दाखला, दोन वर्षांचे निकाल आणि दोघांच्या लसीकरणाच्या नोंदी इंग्रजीत करून घ्या, बस.

आता जे तुम्हाला कोणीच सांगितलेलं दिसत नाही ते. तुमचा खरा प्रश्न प्राथमिक शाळेचा नाहीच आहे. मुलगी इयर फाइव्हला येतेय म्हणजे सप्टेंबर २०२७ ला ती माध्यमिकला, इयर सेव्हनला जाणार, आणि त्याचा फॉर्म ३१ ऑक्टोबर २०२६ ला बंद होतो. तुम्ही उतरल्यापासून दहा महिन्यांत! त्या दिवशी तुम्ही जिथे खरोखर राहत असाल तो पत्ता मोजला जातो. प्राथमिकला जागा रिकाम्या आहेत, माध्यमिकच्या चांगल्या शाळांत अजून चुरस आहे आणि तिथे अंतर मीटरमध्ये मोजतात, शाळेपासून घरापर्यंत सरळ रेषेत. प्रत्येक काउन्सिल दर वर्षी सांगतं की अमुक शाळेत शेवटचं मूल किती अंतरावरून आलं. तो आकडा शोधा, मागच्या तीन वर्षांचा, आणि घर त्याच्या चांगलं आत असू दे, अगदी काठावर नको कारण तो आकडा दर वर्षी हलतो. कॅचमेंट म्हणजे नकाशावर कायमची आखलेली रेघ असं लोकांना वाटतं, बऱ्याच शाळांना तशी रेघच नसते. लंडनमध्ये फॉर्मवर सहा शाळा लिहिता येतात, सहाही लिहा, आणि त्यातली एक तरी अशी असू दे जिथे अंतराने नक्की मिळेल.

ग्रामर शाळांबद्दल, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळांबद्दल, कोणी ना कोणी सांगेलच. प्रवेश परीक्षा इयर सिक्सच्या सप्टेंबरमध्ये, नोंदणी त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. म्हणजे तुमच्या मुलीला नवीन देश, नवीन भाषा आणि आठ महिन्यांत स्पर्धा परीक्षा, जिच्यासाठी तिथली मुलं दोन-दोन वर्षं क्लासला जातात. माझं मत विचाराल तर यात पडू नका. तिनेच हट्ट धरला तर बसू दे, पण घर त्यासाठी निवडू नका. आणि हो, सासूबाई हॅरो म्हटल्यावर नेहरूंची शाळा म्हणत असतील तर ती वेगळी, टेकडीवरची खाजगी, मुलांची, लाखोंची फी. हॅरो काउन्सिलमधल्या सरकारी शाळांचा तिच्याशी संबंध नाही, आणि त्या भागात सरकारी ग्रामर शाळा एकही नाहीये.

रेटिंगचं एकदा सांगून टाकते. ऑफस्टेड म्हणजे शाळा तपासणारी सरकारी संस्था, त्यांनी सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांवर एका शब्दाचा शिक्का मारणं बंद केलंय, आता त्या जागी वेगवेगळ्या मुद्द्यांचं रिपोर्ट कार्ड आलंय. त्यामुळे एखाद्या शाळेच्या गेटवर आउटस्टँडिंगचा बॅनर दिसला तर तो जुना आहे, खालची तारीख बघा. अहवाल जरूर वाचा, पण त्यातलं वर्तन आणि हजेरी काय म्हणतेय ते वाचा, आणि घरी दुसरी भाषा बोलणारी मुलं किती आहेत ते विचारा. जिथे अशी मुलं बरीच असतात तिथल्या शिक्षिकांना नवीन आलेल्या मुलाचं काय करायचं ते माहीत असतं, पहिल्या दिवशी सोबतीला एक मूल जोडून देतात, जेवणाच्या रांगेत, मैदानावर सगळीकडे ते बरोबर फिरतं. मधल्या सुट्टीत कोण बोलेल याचं उत्तर बऱ्याच अंशी हे आहे, तिला सांगा.

मी स्वतः काय केलं होतं ते सांगते, कारण तुमच्या जागी मी होते. आम्ही पुण्यात बसून रेटिंग बघून शाळा ठरवली आणि घर मात्र त्या शाळेजवळ परवडेना म्हणून दोन बस लांब घेतलं. घर छान होतं, मागे बाग होती. सकाळी साडेसातला निघायचं, पहिली बस, मग स्टॉपवर उभं राहून दुसरीची वाट, जानेवारीच्या पावसात, धाकटा कडेवर आणि मोठीची पीईची पिशवी माझ्या खांद्याला. दुपारी सव्वातीनला शाळा सुटायची, घरी येईपर्यंत अंधार. वर्गातल्या मुली शाळेनंतर समोरच्या बागेत खेळायच्या आणि आम्हाला बस पकडायची असायची. आठ महिन्यांत माझ्या मुलीला एकाही मुलीने घरी बोलावलं नाही, त्या मुली वाईट नव्हत्या हो, आम्ही त्यांच्या गल्लीतच नव्हतो. मी त्या आठ महिन्यांत नवऱ्याखेरीज कोणाशी पाच मिनिटं सलग बोलले असेन तर शप्पथ. पुढच्या सप्टेंबरला घराजवळच्या, रेटिंगमध्ये एक पायरी खालच्या शाळेत घातलं, चालत आठ मिनिटं. तिथे दुसऱ्याच आठवड्यात संकष्टीला मी डब्यात साबुदाण्याची खिचडी दिली, भरपूर कूट घालून, आणि दुपारी गेटवर बाईंनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं वासाची तक्रार. त्यांनी शांतपणे सांगितलं की शाळेत शेंगदाणे चालत नाहीत, वर्गात एका मुलाला जिवावर बेतेल अशी अॅलर्जी आहे. मी कानकोंडी होऊन उभी होते, तेव्हा मागून एक गुजराती बाई म्हणाली, माझंही असंच झालं होतं, मी आता काजूही देत नाही, फक्त जिरं आणि बटाटा. ती माझी तिथली पहिली मैत्रीण.

म्हणून तुमच्यासाठी मी शाळेपासून चालत पंधरा मिनिटं ही अट सगळ्याच्या वर ठेवेन. तुम्ही नोकरी सोडून येताय, पहिल्या वर्षी तुमची सगळी ओळख त्या गेटवर होणार आहे, सकाळी दहा मिनिटं आणि दुपारी पंधरा. मिस्टरांना ऑफिसात माणसं मिळतील. तुमचा विचार या सगळ्यात कोणी करत नाहीये, तुम्हीसुद्धा नाही, पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एक ओळ लिहिलीय फक्त.

आता भाग. कॅनरी वार्फ म्हटल्यावर मी आधी ट्यूबचा, म्हणजे तिथल्या मेट्रोचा, नकाशा उघडेन. ज्युबिली लाइन स्टॅनमोरहून निघते, कॅनन्स पार्क, क्वीन्सबरी, किंग्सबरी, वेम्बली पार्क, नीस्डन, डॉलिस हिल करत थेट कॅनरी वार्फला जाते, गाडी एकदाही बदलायची नाही. माझा कल किंग्सबरी ते कॅनन्स पार्क या पट्ट्याकडे आहे. वाणसामान हाताशी, मुलांच्या वर्गात घरी दुसरी भाषा बोलणारी खूप मुलं, घरांमध्ये बागा, आणि त्याच लाइनवर डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ लंडन आहे, १९३२ पासूनचं, स्वतःची वास्तू असलेलं, गणपती-दिवाळीला तिथे गेलात की मुलीला मराठी बोलणारी मुलं भेटतील. इथे ब्रेंट, हॅरो आणि बार्नेट अशा तीन काउन्सिलच्या हद्दी जवळजवळ येतात, एकाच रस्त्याच्या दोन बाजू वेगळ्या काउन्सिलमध्ये असू शकतात. शाळा शेजारच्या हद्दीतलीही मागता येते, तेव्हा तिन्हीकडच्या जागा विचारा, आणि अर्ज कोणाकडे करायचा तेही.

हॅरो, रेनर्स लेन, पिनर चांगलेच आहेत पण तिथून मेट्रोपॉलिटन लाइन, मध्ये गाडी बदला. स्लावला आपली बरीच मंडळी आहेत, चार ग्रामर शाळा आहेत, एलिझाबेथ लाइन थेट कॅनरी वार्फला येते, पण ते लंडनच्या बाहेर, प्रवास लांब, आणि मुलांच्या फुकट जेवणाची लंडनची योजना तिथे नाही. भाडं अगदीच जड वाटलं तर पूर्वेला वुलिच, अॅबी वुड बघा, एलिझाबेथ लाइनने कॅनरी वार्फ अगदी जवळ पडतं, मिस्टर संध्याकाळी लवकर घरी येतील ही काही छोटी गोष्ट नाही. आपली माणसं कमी भेटतील तिकडे. फक्त आपल्याच लोकांत राहू नका असं काही जण सांगतात, पहिल्या वर्षी तो सल्ला मला पटत नाही, पहिल्या वर्षी माणसाला टेकू लागतो.

पुण्याहून फोटो बघून घराचा करार मुळीच करू नका. ऑफिस तीन-चार आठवड्यांचं तात्पुरतं घर देत असेल तर ते त्याच पट्ट्यात मागा. मग सकाळी साडेआठला त्या रस्त्याने चाला, गेटवर आया एकमेकींशी बोलतायत का बघा, दुपारी तीनला परत जा. घर बघताना कपाटाच्या मागची भिंत आणि बाथरूमचं छत बघा, काळे डाग किंवा ताजा रंग असेल तर ओल विचारा, हिवाळ्यात मुलांचा खोकला थांबत नाही अशा घरात. घर किती नोटिशीवर सोडता येतं ते करार करतानाच विचारून घ्या, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात माध्यमिक शाळेच्या हिशोबाने हलायचं तर हलता येईल. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर. तिथली क्रेडिट हिस्ट्री नसल्यामुळे काही घरमालक का-कू करतात, तेव्हा ऑफिसकडून पत्र किंवा हमी मिळते का ते आत्ताच विचारून ठेवा. काउन्सिल टॅक्स भाडेकरू भरतो, भाड्यात धरू नका, वेगळा धरा.

आणि तो दुसऱ्याचा पत्ता देण्याचा सल्ला, तो अजिबात ऐकू नका. काउन्सिलं तपासतात, आणि खोटं निघालं तर मिळालेली जागा काढून घेतात, मूल शाळेत जायला लागलेलं असलं तरी. तुमच्या मुलीने नुकती एक मैत्रीण केलेली असेल आणि तिला तिथून उठवतील. नवऱ्याच्या सहकाऱ्यालाही अडचणीत आणाल ते वेगळंच.

आज रात्री साइट उघडू नका. उद्या दुपारी अडीचला ब्रेंटला पहिला फोन करा, मग हॅरो, मग बार्नेट, वही घेऊन बसा आणि मुलीला शेजारी बसवा, शाळांची नावं तिला लिहू दे, तिच्याच शाळा आहेत त्या. मी या पट्ट्यापासून दोन स्टेशनांवर राहते. दोन-तीन नावं पक्की झाली की मला कळवा, नाताळच्या सुट्टीआधी एका सकाळी पावणेनऊला मी त्या गेटांवरून चालत जाऊन येईन आणि काय दिसलं ते तुम्हाला लिहीन.